नावाची पट्टी

दिव्यानीने डावीकडच्या टूलबॉक्समधून ‘नावाची पट्टी’ माऊसने उचलली, ओढत आणून कोऱ्या पानावर सोडली, आणि पट्टी पानावर बसताच तिचा हात माऊसवरच थांबला. नमुन्याचं नाव, नमुन्याचं गाव, टोकन नंबर. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण नावाच्या डाव्या अंगाला बोटभर रुंदीचा एक पिवळा पट्टा आला होता, आणि तो इथे यायला नको होता.

तिने पट्टी पुसली आणि पुन्हा ओढली. पुन्हा पिवळा पट्टा आला.

खाली टायरवाल्याचं शटर बंद होतं. महाशिवरात्रीची सुट्टी, त्यामुळे चंद्रपुरातल्या मूल रोडवरच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात ती एकटीच होती. मालक जुबेरभाई आदल्या संध्याकाळीच जीप घेऊन मार्कंड्याच्या जत्रेतल्या शिबिराला गेले होते. भाड्याच्या खोलीवर एकटीने उपास धरून बसण्यापेक्षा पुढच्या शिबिराचं पान उरकून टाकावं, म्हणून ती आली होती. शेंगदाण्याच्या कुटाचा वास सुटलेला साबुदाण्याचा डबा टेबलावर तसाच होता.

काम एका संस्थेचं होतं. ही संस्था चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांत सिकलसेलसाठी रक्त तपासायची आणि ज्याला त्याला कार्ड द्यायची. रक्त चांगलं असेल तर पांढरं कार्ड. आजार असेल तर लाल. आणि माणूस स्वतः धडधाकट, पण आजार रक्तात दडवून बसलेला असेल, तर पिवळं. या तीन रंगांचा अर्थ आता त्या भागातल्या शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक झाला होता, आणि लग्न जुळवणाऱ्यांना तर जरा जास्तच.

या संस्थेसाठी दिव्यानी वेबची पानं बनवत होती. जुबेरभाईंनी आणलेलं नवं सॉफ्टवेअर मोठं सोयीचं होतं. पानाचा एकेक तुकडा, म्हणजे कंपोनंट, एकदाच घडवायचा आणि मग हव्या त्या पानावर उचलून ठेवायचा. गिऱ्हाइकाला समजावताना जुबेरभाई करंजीच्या साच्याचं उदाहरण द्यायचे. ते उदाहरण अर्धंच खरं होतं. साचा बदलला म्हणून काल तळलेल्या करंज्या बदलत नाहीत. इथे मूळ कंपोनंट बदलला की तो जिथेजिथे ठेवलेला असेल, तिथल्या सगळ्या करंज्या एका दमात बदलतात. हीच त्याची करामत होती, आणि दिव्यानीला आजवर तिचं कौतुकच वाटत आलं होतं.

काल संध्याकाळी संस्थेच्या डॉक्टरबाईंचा फोन आला. जत्रेत गर्दी होणार, प्रत्येकाची माहिती उघडून बघायला वेळ नाही, तेव्हा माझ्या पानावर नावाशेजारीच कार्डाचा रंग दिसू दे, एवढंच त्या म्हणाल्या. चहा निवायच्या आत होणारं काम. दिव्यानीने नावाच्या पट्टीत रंगाचा पट्टा बसवला, डॉक्टरांचं पान चालवून पाहिलं, रंग नीट दिसले, सीडी केली. जुबेरभाई खाली हॉर्न वाजवत होते. जाताना त्यांनी ऑफिसातला जुना, डबड्यासारखा मोठा मॉनिटरही नेला. तिने आठवण दिली होती की याची मागची वायर सैल आहे, निळा रंग जातो आणि पांढऱ्याचं पिवळं दिसतं. टपली मारली की सरळ होते, म्हणाले, आणि गेले.

‘हा कंपोनंट कुठेकुठे वापरला आहे ते दाखवा’ असं एक बटण त्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. काल तिने ते दाबलं नव्हतं. आज दाबलं.

खाली दोन ओळी आल्या. एक, डॉक्टरांचं पान. दुसरी, गर्दीचं पान.

गर्दीचं पान म्हणजे मांडवाबाहेरच्या मोठ्या मॉनिटरवर दिवसभर चालणारं पान. काळ्या फळ्यावर खडूने लिहावं तशी मोठी पांढरी अक्षरं, गावागावाप्रमाणे वर सरकत जाणारी नावं, म्हणजे माणसाला लांबूनच आपलं टोकन वाचता यावं. आतापर्यंत तपासलेल्या सगळ्यांची नावं त्यात होती. आणि आज सकाळपासून, मार्कंड्याच्या जत्रेत, त्या प्रत्येक नावाला रंग लागलेला असणार होता.

दिव्यानी उठली, खिडकीपाशी गेली, परत येऊन बसली. आधी सगळ्या गावांचं तिच्या मनात आलं, असं म्हणायला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. आधी तिला स्वतःचं नाव दिसलं.

दिवाळीत ती गावी गेली होती तेव्हा संस्थेचं शिबिर तिच्या गावात होतं, आणि बाबांनी, मुखरूने, घरातल्या सगळ्या पोरांना रांगेत उभं केलं होतं. भावंडांत तिचं एकटीचं पिवळं निघालं. डॉक्टरबाईंनी नीट समजावून सांगितलं होतं. तुला काही होणार नाही. नवरा पांढरा असेल तर पोरांनाही आजार होणार नाही. फक्त नवराही पिवळा असेल, तर एखादं पोर लाल निघू शकतं. मुखरूने मान डोलावली, घरी आल्यावर दार लावून घेतलं आणि बायकोलासुद्धा न सांगता लेकीला एवढंच म्हटलं की हे आपल्या दोघांतच राहू दे.

लाल म्हणजे काय, हे दिव्यानीला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. शाळेत तिच्या बाकावर सोमारी बसायची. थंडी पडली की सोमारी गुडघे धरून रडायची, आणि गुरुजी तिला ढोंगी म्हणायचे. नववीत सोमारी शाळेत आली नाही. गुरुजी तिच्या घरी जाऊन पायरीवर बसून आले, पण तोवर उशीर झाला होता.

जानेवारीत दिव्यानीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. चामोर्शीकडचा रोशन, शेती आणि कृषी केंद्रात नोकरी, बोलायला कमी, हसायला बरा. त्याच्याही गावात शिबिर होऊन गेलं होतं. त्याचं कार्ड कोणतं, हे तिने विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्याने उलट विचारलं असतं. संस्थेची खरी माहिती संस्थेच्याच कॉम्प्युटरवर राहायची. ऑफिसात सगळी बनावट नावं. जुबेरभाई एरवी ढिले असले तरी या बाबतीत कडक होते. तेव्हा तिला चोरून बघायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती सोय नाही याचं तिला बरंच वाटायचं.

आणि आज रोशनच्या घरची माणसं जत्रेत होती. त्याच्या आईने, चंदाबाईने, परवाच फोन करून बोलावलं होतं, तूबी ये, सोबतच दर्शन करू. कामाचं निमित्त सांगून तिने टाळलं होतं.

जुबेरभाईंचा मोबाईल लागेना. ते क्षेत्राबाहेर असल्याचं एक बाई पुन्हापुन्हा गोड आवाजात सांगत होती. दिव्यानीने फोन ठेवला आणि कामाला लागली. रंगाचा पट्टा असलेली पट्टी तिने डॉक्टरांसाठी वेगळी केली आणि गर्दीच्या पानावर जुनी, बिनरंगाची पट्टी बसवली. ज्या कामाला एरवी तिला विचारही करावा लागला नसता, त्यात बोटं चुकत होती. ते शोधाचं बटण तिने इतक्यांदा दाबलं की कोणी पाहिलं असतं तर हसलं असतं. मग नवी फाईल पेन ड्राईव्हवर घेतली, पेन ड्राईव्ह रुमालात बांधला, रुमाल मुठीत धरला आणि डबा टेबलावरच सोडून ती स्टँडकडे पळाली.

जत्रेची जादा बस खचाखच भरली होती. नारळ, बेलाची पानं, रताळ्यांच्या पिशव्या, डोक्याला तेल लावलेली पोरं. तिला मागच्या दारापाशी उभं राहायला जागा मिळाली. लोहाऱ्याचं जंगल सुरू झालं. सागाची पानं गळून गेली होती आणि मोहाच्या झाडांखाली जमीन जाळून काळी केलेली होती. शेजारच्या दोन बाया कुणाच्या तरी लग्नाचं बोलत होत्या. पोरगी चांगली होती म्हणे, पण कार्ड निघालं, अन् मग कोन करते. दुसरीने चुकचुक केलं आणि पिशवीतला नारळ सरळ केला. एवढंच ते बोलणं, पण दिव्यानीला वाटलं की बसमधल्या सगळ्यांनी आता वळून तिच्याकडे पाहिलं.

तिला आता सगळं दिसायला लागलं. मांडवासमोरची गर्दी. ज्याला वाचता येतं असा एखादा पुढे उभा राहून बाकीच्यांना मोठ्याने वाचून दाखवतो आहे. अमक्याचा पोरगा लाल. तमक्याची सून पिवळी, अन् तरी सांगतलं नाई. नाव वर सरकून गेलं तरी माणूस तिथेच उभा. साक्षगंध झालेल्या किती पोरी असतील, नव्याने नांदायला गेलेल्या किती, आणि त्या सगळ्यांच्या नावाला तिने स्वतःच्या हाताने रंग फासला होता. तिने काही कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. तिने फक्त एक बटण दाबलं नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये काहीही चुकलं की मागे जायची सोय असते, एक पाऊल, दहा पावलं, पण ती फक्त आपल्या टेबलावर. सीडीत बसून जीपमधून जे गेलं त्याला मागे आणायची कुठलीच कळ नव्हती.

चिचपल्लीच्या पुढे बस कच्चकन थांबली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. पुढून मागे कुजबूज येत गेली की रस्त्यात वाघ बसला आहे. सगळी बस चिडीचूप झाली. बायांनी पोरांची तोंडं पदराने दाबली, खिडक्या हळूच खाली ओढल्या गेल्या, एक म्हातारा शंकराचं नाव घेऊ लागला. सबंध बसमध्ये वाघाला न भिणारी दिव्यानी एकटीच होती. उठ रे बाबा, ती मनात म्हणत होती, उठ, मले जाऊ दे. वाघाला काय घाई असणार? तो त्याच्या सवडीने उठला असावा, कारण बऱ्याच वेळाने बस हलली, आणि मग सगळे एकदम मोठ्याने बोलायला लागले.

मूलच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा ती उतरून एसटीडी बूथकडे धावली. पुन्हा तीच बाई, तोच गोड आवाज. कंडक्टरने घंटी मारली म्हणून परत धावली.

हरणघाटाच्या पुलावरून वैनगंगा दिसली तेव्हा बसमधल्या लोकांनी हात जोडले. दिव्यानीनेही जोडले. देवाकडे काय मागावं हे तिला नीट ठरवता आलं नाही. लाईट जाऊ दे, एवढंच तिने मागितलं.

मार्कंड्याला लाईट होते. खेळण्यांच्या दुकानांवर दिवसाढवळ्या बल्ब जळत होते, भोंग्यांवर हरवलेल्या पोरांची नावं पुकारली जात होती. देवळाकडे जाणाऱ्या गर्दीत ती आडवी घुसली, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, चप्पल तुटली ती हातात घेतली. संस्थेचा मांडव नदीच्या वाटेवर होता. समोर माणसं होती, पण तिला वाटलं होतं तशी कोंडी नव्हती. मांडवाच्या तोंडाशी टेबलावर तो मोठा मॉनिटर होता. तिने लांबूनच पाहिलं आणि तिचे पाय थबकले.

सगळं पिवळं होतं.

काळ्या पानावर पिवळी अक्षरं सरकत होती आणि प्रत्येक नावाच्या डावीकडे पिवळा पट्टा होता. एका गावाची नावं गेली, दुसऱ्याची आली. म्हातारे, बाया, पोरं, सगळे पिवळे. क्षणभर तिला वाटलं की आपल्या हातून याहूनही भयंकर काहीतरी झालं आहे, सगळ्या माहितीचा चिखल झाला आहे. मग त्या पिवळ्यामधून एक लाल पट्टा वर सरकत गेला, आणि तिच्या लक्षात आलं. निळा रंग गेला होता. वायर सैल होती. पांढऱ्यांचा पांढरा पट्टा पिवळा झाला होता, पिवळ्यांचा होता तसाच होता, आणि आता त्यांतलं कोण कोणतं हे जगातला कुठलाही माणूस त्या काचेवर वाचू शकत नव्हता.

तिला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही तिने गिळलं. कारण लाल पट्टे दिसत होते. थोडे होते, पण दिसत होते. त्यांना त्या वायरीने वाचवलं नव्हतं.

जुबेरभाई खुर्चीवर टोपीने वारा घेत बसले होते. तिला पाहून ते उठलेच. सकाळपासून या डब्याला ठोकून राह्यलो, निळा काही येत नाही, असं ते सांगू लागले, तोवर तिने मॉनिटरचं बटण दाबून तो बंद केला होता. मग रुमाल सोडून पेन ड्राईव्ह त्यांच्या हातात दिला आणि काल काय झालं ते सांगितलं. जुबेरभाई ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी आधी गर्दीकडे पाहिलं, मग हळू आवाजात विचारलं,

“किती लोकाइनं पाह्यलं असन?”

तिला काय ठाऊक असणार? ते स्वतःच आठवून सांगू लागले. लोक येत होते, टोकन बघत होते, टीव्ही बिघडला म्हणून हसत होते. एकजण भांडायला आला होता की माझ्या पोराचं कार्ड पांढरं असताना इथे पिवळं काऊन, त्याला त्यांनी मॉनिटरच खराब आहे असं सांगून वाटेला लावलं होतं. लाल पट्ट्याचं कोणी काही बोललं नव्हतं. जे बोलले नाहीत त्यांनी काय पाहिलं असेल, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

तिने खाली बसून कॉम्प्युटरमध्ये नवी फाईल घातली, प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला. जुबेरभाईंनी मॉनिटर कनातीकडे तोंड करून फिरवला, वायर काढून नीट घट्ट बसवली. बटण दाबलं. काळं पान, पांढरी अक्षरं, नावाशेजारी काही नाही. तिने दोन-तीन गावं जाऊ दिली आणि मगच मॉनिटर पुन्हा लोकांकडे वळवू दिला. शिबिर संपल्यावर लाल कार्डवाल्यांच्या घरी आपण स्वतः जाऊ, असं जुबेरभाई म्हणाले. जाऊन काय सांगायचं, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

ती घाम पुसत होती तेव्हा ते सहज बोलावं तसं बोलले, की तुझी सासू येऊन गेली.

“कवा?”

“थोड्या वेळापूर्वी. पडद्यासमोर उभी होती. मले विचारलं, हे दिव्यानीनंच बनवलं ना. मी म्हनलं हो. मंग गेली तिकडं, झाडाकडं. चेहरा काही ठीक नव्हता.”

एवढा वेळ जी भीती सगळ्या जिल्ह्यात पसरली होती, ती आता एका जागी गोळा होऊन तिच्या छातीवर बसली. चंदाबाईला सावकाश का होईना, वाचता येत होतं. तिने नाव वाचलं होतं. आता काय होणार, ते दिव्यानीला पाठ होतं. आधी निरोप येईल, मग पाहुणे येतील, साडी आणि अंगठी परत जाईल, आणि मुखरू दार लावून घेईल.

तुटकी चप्पल हातात धरून ती आंब्याच्या झाडाकडे निघाली. चालताचालता तिला एकदम सुचलं की सांगायला उत्तर आहे. आणि ते खोटंही नाही. पडदा खराब होता, सगळेच पिवळे दिसत होते, जुबेरभाईंना विचारा, त्या भांडणाऱ्या माणसाला विचारा. सगळी जत्रा साक्षीला होती. तेवढं बोलून गप्प बसायचं. लग्न एप्रिलमध्ये होतं.

चंदाबाई झाडाखाली पोत्यावर बसली होती. समोर फडक्यात उकडलेली रताळी. दिव्यानीला पाहून ती उठायला गेली आणि पुन्हा बसली. तिचे डोळे लाल होते. दिव्यानी समोर उभी राहिली, तोंड उघडलं, पण चंदाबाईच आधी बोलली.

“बस पोरी. मले मालूम होतं तू येशीन. आज लपवायले काई राह्यलंच नाई.”

दिव्यानी बसली नाही.

“सगळ्या जत्रेसमोर पाह्यलं मी त्याचं नाव,” चंदाबाई म्हणाली. “दुसरं काई दिसलंच नाई मले. रोशन, अन् बाजूले पिवळं. तिथून हाललीच मी.”

काय बोललं जातं आहे, ते दिव्यानीला कळायला वेळ लागला. चंदाबाई मात्र आता थांबणार नव्हती. शिबिराच्या दिवशी रोशन शेतावर लवकर गेला म्हणून त्याचं कार्ड तिने घेतलं होतं. त्याला तिने सांगितलं पांढरं आहे. नवऱ्याला सांगितलं पांढरं आहे. दिव्यानीच्या घरी बोलणी करताना मुखरूने एकदा विषय काढल्यासारखं केलं होतं, तेव्हा तर तिचा जीवच गेला होता, पण मुखरू पुढे काही बोलला नाही. रात्ररात्र झोप नाही आली म्हणाली. पोर लाल निघालं तर ते आपल्या खोटेपणाने, हे तिला कळत होतं, आणि तरी तोंड उघडलं नव्हतं.

“पन तुले तं आधीपासूनच ठाऊक असन,” ती म्हणाली. “तूच बनवते हे सगळं. तुले सगळ्याइचं दिसत असन. अन् तरी तू साक्षगंध मोडलं नाई. आमाले तोंडावर कवा काई म्हनलं नाई.” तिने दिव्यानीचा हात धरला. “तुह्यं पांढरं हाय, नाई का? म्हनूनच भ्याली नाईस तू. डॉक्टरीनबाईनं सांगतलं मले, एक पांढरं असलं तं पोराले काई होत नाई.”

हो म्हणायचीही गरज नव्हती. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. चंदाबाईने दिव्यानीच्या गावची नावं पाहिलीच नव्हती. पडदा आता स्वच्छ होता. जुबेरभाई काही बोलणार नव्हते, बाबा तर नाहीच. या झाडाखाली तिची थोरवी मानून हात धरून बसलेली बाई होती, आणि ही थोरवी आयुष्यभर पुरली असती. निदान एखादं पोर थंडीत गुडघे धरून रडेपर्यंत.

दिव्यानी पोत्यावर बसली. तिला आता बसमधल्यापेक्षाही जास्त भीती वाटत होती.

“आई, मले काईच ठाऊक नव्हतं,” ती म्हणाली. “आमाले नावं दिसत नाई. अन् तो पडदा खराब होता. सगळेच पिवळे दिसून राह्यले होते.”

“सगळेच?”

“सगळेच. पांढरेबी.”

चंदाबाईने मांडवाकडे पाहिलं. मॉनिटरवर पांढरी अक्षरं शांतपणे वर सरकत होती. आपण कुणीही न विचारता सगळं सांगून बसलो, हे तिला कळत गेलं तसतसा तिचा हात सुटला आणि तोंडावर गेला. दिव्यानीने तो हात परत घेतला नाही. एवढा एक क्षण ती थांबली, आणि थांबली तर पुन्हा बोलता येणार नाही असं वाटून बोललीच.

“पन माह्यं खरंच पिवळं हाय.”

भोंग्यावर कुणीतरी हरवलेल्या पोराचं नाव सांगत होतं. अंगात लाल सदरा, पायात काही नाही, आई बेलाच्या दुकानापाशी उभी आहे.

“कोनाले मालूम हाय?” चंदाबाईने विचारलं.

“बाबाले. अन् आता तुमाले.”

चंदाबाईने मान हलवली. ती रागावली नव्हती. रागवायला तिच्याकडे जागाच उरली नव्हती. पदराने तिने आपलं तोंड पुसलं, मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याच पदराने दिव्यानीच्या कपाळावरचा धुळीचा डागही पुसला.

घाटाकडून रोशन येत होता. नदीत अंघोळ करून, ओल्या केसांनी, हातात पाण्याचा लोटा घेऊन, माणसांतून वाट काढत. दिव्यानी आलेली पाहून तो लांबूनच हसला आणि जरा भराभर चालू लागला. त्याच्याविषयी जे त्यालाच ठाऊक नव्हतं ते आता या दोघींना ठाऊक होतं, आणि तो झाडापर्यंत यायला फार अंतर राहिलं नव्हतं.

“सकाळपासून काई खाल्लं का नाई तू?” चंदाबाईने विचारलं.

दिव्यानीने नाही म्हटलं. चंदाबाईने फडक्यातलं एक रताळं उचललं आणि मोडून त्याचे दोन भाग केले. मग येणाऱ्या लेकाकडे पाहिलं, पोत्यावर थोडी सरकली, आणि आपल्या वाट्याच्या भागाचे आणखी दोन केले.